एडिस्टनचे चार मनोरे

भर समुद्रात उभ्या असलेल्या दीपगृहाचं चित्र तुम्ही पाहिलंच असेल. एवढ्या लाटा आपटतात, मग ते पडत कसं नाही?

पडतं की! इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर प्लिमथ बंदर आहे. तिथून सुमारे २२ किलोमीटरवर, समुद्रात एडिस्टनचे खडक आहेत. भरतीला ते जवळजवळ पाण्याखालीच जातात. खलाशांना दिसायचे नाहीत, आणि जहाजं फुटायची.

हेन्री विन्स्टन्लीची दोन जहाजं तिथंच गेली. हा काही इंजिनिअर नव्हे, चित्रं कोरणारा हौशी माणूस. पण पठ्ठ्यानं १६९८ मध्ये त्याच खडकावर दीपगृह उभं केलं. थाट एखाद्या बंगल्याचा, सज्जे काय, नक्षी काय! सगळ्यांत मोठं वादळ होईल तेव्हा मी आत असायला हवा, असं तो म्हणायचा. नोव्हेंबर १७०३ मध्ये तसं वादळ झालं. विन्स्टन्ली दुरुस्तीसाठी तिथंच होता. सकाळी पाहतात तर खडकावर ना मनोरा, ना माणूस.

दुसरा मनोरा लाकडी होता. त्यानं वादळं सोसली, पण १७५५ मध्ये दिव्याच्या खोलीतच आग लागली आणि तो जळून गेला.

मग आला जॉन स्मीटन. वादळात ओकचं झाड टिकतं कसं? बुंधा खाली रुंद, वर निमुळता. त्यानं दगडी मनोऱ्याला तोच आकार दिला, म्हणजे बहुतेक वजन तळाशी राहिलं. शिवाय प्रत्येक दगड असा घडवला, की चित्राच्या कोड्यातल्या तुकड्यासारखा तो शेजारच्या दगडात अडकून बसावा. लाटेनं एकटा दगड ओढून न्यायची सोयच नाही!

पण सांधायचं कशानं? साधा चुना पाण्यात घट्ट होत नाही. स्मीटननं ठिकठिकाणची चुनखडी भाजून पाहिली, चुन्याचे गोळे करून पाण्यात टाकले. ज्या चुनखडीत चिकणमाती मिसळलेली असते, तिचा चुना पाण्याखालीही कडक होतो, हे त्याच्या ध्यानात आलं. मला विचाराल, तर मनोऱ्यापेक्षा हा शोध मोठा. पुढे सिमेंट तयार झालं ते याच वाटेनं.

ऑक्टोबर १७५९ मध्ये दिवा लागला. दिवा म्हणजे काय, तर २४ मेणबत्त्या! हो, मेणबत्त्याच.

हा मनोरा १२० वर्षांहून जास्त टिकला. तरी बदलावा लागला. मनोरा धडधाकट होता हो, लाटांनी खालचा खडकच पोखरला होता. मोठी लाट आली की सगळं हादरायचं. १८८२ मध्ये जेम्स डग्लसनं शेजारच्या खडकावर ४९ मीटर उंच मनोरा बांधला. दगड अडकवायची युक्ती तीच. तो आजही उजेड देतो; १९८२ पासून मात्र तिथं माणसं राहत नाहीत.

स्मीटनच्या मनोऱ्याचा वरचा भाग प्लिमथकरांनी वर्गणी काढून गावात आणला, पुन्हा रचला. त्यात आज चढून जाता येतं. खालचा बुंधा मात्र एडिस्टनवरच आहे, नव्या मनोऱ्याच्या शेजारी लाटा झेलत.