एक खुर्ची, तेरा पाहुणे



आज सुरुवातीलाच एक कोडं घालतो. एक खुर्ची आहे. ती आहे दिल्लीत, पण मालकी पुण्याची. 1952 पासून 2024 पर्यंत तिच्यावर 13 जण बसले. कुणी एकदा, कुणी दोनदा, कुणी तीनदा. पण एकालाही ती कायमची आपली करता आली नाही. आणि एकदा तर ती चौदा महिने चक्क रिकामी राहिली! सांगा पाहू, कसली ही खुर्ची?

बरोबर! पुण्याच्या खासदाराची.

आपल्या लोकसभेत 543 जागा असतात. त्यासाठी सगळ्या देशाचे 543 तुकडे कागदावर पाडलेले आहेत. अशा एका तुकड्याला म्हणतात लोकसभा मतदारसंघ. प्रत्येक मतदारसंघातले लोक मत देऊन एक माणूस दिल्लीला पाठवतात. तो त्यांच्या वतीनं प्रश्न विचारतो, कायद्यांवर बोलतो, मत देतो. आता या पुण्याच्या खुर्चीची गोष्ट ऐका. मोठी गमतीची आहे, आणि शेवटी जरा विचार करायला लावणारीही आहे.

पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली 1951-52 साली. तेव्हा आजच्यासारखी यंत्रं नव्हती. मतपत्रिकेवर शिक्कासुद्धा मारायचा नव्हता. प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी असे आणि तिच्यावर त्याचं चिन्ह चिकटवलेलं असे. ज्याला मत द्यायचं त्याच्या पेटीत कागद टाकायचा की झालं काम! ज्यांना अक्षरओळख नव्हती, अशा कोट्यवधी लोकांनी त्या वर्षी चिन्ह बघून मत दिलं.

त्या वेळी पुण्याच्या नावाचे मतदारसंघ दोन होते. 'पुणे मध्य'मधून निवडून आले न. वि. तथा काकासाहेब गाडगीळ. ते स्वातंत्र्यलढ्यातले मोठे नेते आणि पंडित नेहरूंच्या पहिल्या मंत्रिमंडळातले मंत्री. 'पुणे दक्षिण'मधून आल्या इंदिराबाई मायदेव. मुलींनो, हे नाव लक्षात ठेवा. कारण पुण्याच्या नावाच्या मतदारसंघातून 1952 नंतर 2024 पर्यंत एकही स्त्री लोकसभेवर निवडून गेलेली नाही. का बरं? हा प्रश्न आई-बाबांपुढे जरूर टाका.

आपण मात्र काकासाहेबांच्या खुर्चीचाच माग काढू या.

एवढे मोठे काकासाहेब पुढच्या वेळी सहज निवडून आले असतील, असं वाटतं ना? पण 1957 मध्ये पुणेकरांनी त्यांना घरी बसवलं! झालं असं, की मराठी भाषकांचं मुंबईसह एक राज्य व्हावं म्हणून तेव्हा संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटली होती. दिल्लीनं मात्र 1956 साली महाराष्ट्र आणि गुजरात यांचं मिळून एक द्वैभाषिक राज्य केलं. लोक चिडले. चळवळीसाठी संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली होती, तीही पुण्यातच, 6 फेब्रुवारी 1956 रोजी. खरं म्हणजे काकासाहेबांनी स्वतः लोकसभेत संयुक्त महाराष्ट्राची बाजू जोरात मांडली होती. पण ते काँग्रेसचे उमेदवार होते आणि लोकांचा राग काँग्रेसवर होता.

त्यांच्यासमोर समितीच्या पाठिंब्यानं उभे होते प्रजा समाजवादी पक्षाचे नानासाहेब गोरे. गोवा तेव्हा पोर्तुगीजांच्या ताब्यात होता. नानासाहेब 1955 साली सत्याग्रहींची तुकडी घेऊन गोव्यात शिरले होते. पोर्तुगीजांनी त्यांना लांबलचक शिक्षा ठोठावून तुरुंगात टाकलं. 1957 च्या सुरुवातीला त्यांची सुटका झाली आणि थोड्याच दिवसांत पुणेकरांनी त्यांना खासदार केलं. तुरुंगातून थेट लोकसभेत!

पण थांबा. 1962 मध्ये पारडं परत फिरलं. तोवर 1 मे 1960 रोजी महाराष्ट्र राज्य झालं होतं. या वेळी काँग्रेसचे शंकरराव मोरे निवडून आले. 1967 मध्ये पुन्हा उलट! या वेळी जिंकले संयुक्त समाजवादी पक्षाचे एस. एम. जोशी. लोक त्यांना प्रेमानं 'एसेम' म्हणत. संयुक्त महाराष्ट्र समितीचे सरचिटणीस ते हेच.

आता पुढची गंमत बघा. 1971 मध्ये पुण्यातून निवडून आले काँग्रेसचे मोहन धारिया. त्या वेळी काँग्रेसचं चिन्ह होतं गाय-वासरू. ते इंदिरा गांधींच्या सरकारात राज्यमंत्री झाले. जयप्रकाश नारायण यांचं आंदोलन सुरू होतं तेव्हा धारियांनी म्हटलं, की सरकारनं त्यांच्याशी बोलायला हवं. त्यामुळे 1975 च्या मार्चमध्ये त्यांचं मंत्रिपद गेलं. जूनमध्ये आणीबाणी आली. धारियांनी तिला विरोध केला आणि तुरुंगवास सोसला. 1977 मध्ये ते परत पुण्यातून उभे राहिले, पण आता जनता पक्षाकडून. चिन्ह होतं नांगरधारी शेतकरी. आणि पुणेकरांनी त्यांना पुन्हा निवडून दिलं! माणूस तोच, शहर तेच, पण पक्ष वेगळा. म्हणजे मतदार नुसतं चिन्ह बघत नाहीत, माणूस काय करतो तेही बघतात, हे 1977 नं दाखवून दिलं.

1980 मध्ये जिंकले विठ्ठलराव गाडगीळ. आडनाव ओळखीचं वाटतंय ना? काकासाहेबांचेच ते चिरंजीव! वडील 1957 मध्ये हरले, त्यानंतर 23 वर्षांनी मुलगा त्याच शहरातून निवडून आला. 1980, 1984 आणि 1989 अशा तीन निवडणुका त्यांनी ओळीनं जिंकल्या. पुण्याच्या खुर्चीवर ओळीनं तीनदा बसलेले ते एकटेच.

1989 च्या निवडणुकीत आणखी एक मोठी गोष्ट घडली. मतदानाचं वय 21 वरून 18 वर आलं. त्यासाठी राज्यघटनेत 61 वी दुरुस्ती करावी लागली. बारावी झालेला दादा किंवा ताई मत द्यायला जाते ना, ती या दुरुस्तीमुळेच.

पण तीनदा जिंकलेले विठ्ठलरावसुद्धा 1991 मध्ये हरले. त्यांना हरवलं भारतीय जनता पक्षाच्या अण्णा जोशी यांनी. मग तर संगीत खुर्चीच सुरू झाली! 1996 मध्ये काँग्रेसचे सुरेश कलमाडी. 1998 मध्ये काँग्रेसचे विठ्ठल तुपे. (या वेळी कलमाडी अपक्ष म्हणून उभे होते. ते हरले.) 1999 मध्ये भाजपचे प्रदीप रावत. आठ वर्षांत चार निवडणुका आणि चार वेगळे खासदार! 2004 आणि 2009 मध्ये पुन्हा काँग्रेसचे कलमाडी, 2014 मध्ये भाजपचे अनिल शिरोळे आणि 2019 मध्ये भाजपचे गिरीश बापट. शेवटच्या या दोघांनी तर 3 लाखांहून जास्त मतांची आघाडी घेतली होती.

मधे एक बदल झाला, तोही सांगायला हवा. शहर वाढलं, लोक वाढले, म्हणून मतदारसंघांच्या सीमा नव्यानं आखल्या गेल्या आणि 2009 ची निवडणूक नव्या नकाशावर झाली. या नकाशात पुणे लोकसभा मतदारसंघात विधानसभेचे सहा मतदारसंघ आले : कसबा पेठ, शिवाजीनगर, कोथरूड, पर्वती, पुणे कॅन्टोन्मेंट आणि वडगाव शेरी. हडपसर गेलं शिरूरमध्ये आणि खडकवासला गेलं बारामतीत. म्हणजे हडपसरचा मुलगा स्वतःला पक्का पुणेकर म्हणवतो, पण त्याचे खासदार मात्र शिरूरचे! पटत नसेल तर नकाशा काढून बघा.

आता येऊ या रिकाम्या खुर्चीकडे.

29 मार्च 2023 रोजी खासदार गिरीश बापट यांचं आजारपणात निधन झालं. खुर्ची रिकामी झाली. अशा वेळी काय करायचं, हे 1951 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात लिहून ठेवलंय. जागा रिकामी झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत पोटनिवडणूक घ्यायची. याला अपवाद दोनच. एक, सभागृहाची मुदत एक वर्षापेक्षा कमी उरली असेल तर. दोन, एवढ्या वेळात निवडणूक घेणं अवघड आहे असं निवडणूक आयोगानं केंद्र सरकारशी सल्लामसलत करून ठरवलं तर.

चला, जरा गणित करू या. त्या लोकसभेची मुदत होती 16 जून 2024 पर्यंत. म्हणजे किती महिने उरले होते? चौदाहून जास्त. तेव्हा पहिला अपवाद बाद! पण आयोगानं दुसरा अपवाद पुढे केला. आमची यंत्रणा 2024 च्या सार्वत्रिक निवडणुकीच्या तयारीत गुंतलेली आहे, आणि आता निवडून येणाऱ्याला जेमतेम काही महिनेच मिळतील, असं आयोगाचं म्हणणं होतं.

पुणेकरांना याचं नवल वाटलं, आणि त्याला कारणही होतं. त्याच वर्षी 26 फेब्रुवारीला कसबा पेठेत विधानसभेची पोटनिवडणूक झाली होती. आमदार मुक्ता टिळक यांचं डिसेंबर 2022 मध्ये निधन झालं आणि दोन-सव्वादोन महिन्यांत मतदानसुद्धा झालं! मग कसब्याला जे जमलं, ते सगळ्या पुण्याला का जमू नये?

पुण्यातल्या एका नागरिकानं हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयात नेला. 13 डिसेंबर 2023 रोजी न्यायालयानं आयोगाची कारणं अमान्य केली आणि ताबडतोब पोटनिवडणूक घ्या, असा आदेश दिला. लोकांना प्रतिनिधीवाचून ठेवता येणार नाही, असं न्यायालयाचं मत पडलं. आयोग सर्वोच्च न्यायालयात गेला. 8 जानेवारी 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयानं त्या आदेशाला स्थगिती दिली. तोवर सार्वत्रिक निवडणूक दाराशी येऊन ठेपली होती. पोटनिवडणूक राहिली ती राहिलीच.

शेवटी 13 मे 2024 रोजी पुण्यानं मतदान केलं. 4 जूनला निकाल लागला. पुण्याचे माजी महापौर, भाजपचे मुरलीधर मोहोळ निवडून आले. त्यांनी हरवलं काँग्रेसचे रवींद्र धंगेकर यांना. हे धंगेकर म्हणजे कसब्याची ती झटपट पोटनिवडणूक जिंकलेले आमदार, बरं का! मार्च 2023 ते जून 2024, म्हणजे चौदा महिन्यांहून जास्त काळ पुण्याची खुर्ची रिकामी होती.

तुम्ही म्हणाल, त्यानं काय बिघडलं? पुण्यात नळाला पाणी येतच होतं, शाळाही भरत होत्या. खरं आहे. महानगरपालिका आणि राज्य सरकार यांची कामं वेगळी असतात. पण त्या चौदा महिन्यांत लोकसभेत प्रश्नोत्तराचा तास झाला, अर्थसंकल्प मांडला गेला, नवे कायदे मंजूर झाले. आणि पुण्याच्या नावानं हात वर करणारं तिथं कुणीच नव्हतं. वर्गात तुमचा मॉनिटर गैरहजर असेल, तर तुमच्या बाकाची तक्रार बाईंपर्यंत कोण नेणार? तसंच हे.

काकासाहेब आले आणि गेले, एसेम आले आणि गेले, तीनदा जिंकलेलेही गेले. त्या सगळ्यांना बसवणारे आणि उठवणारे पुणेकरच होते. म्हणूनच खुर्ची रिकामी राहते, तेव्हा नुकसान एखाद्या पक्षाचं होण्याआधी मतदारांचं होतं.

आता तुमच्यासाठी काम. एक : तुमचं घर कोणत्या लोकसभा मतदारसंघात येतं आणि तिथून 1952 पासून कोण कोण निवडून गेलं, याची यादी करा. आजी-आजोबांना नक्की विचारा, त्यांना पेट्यांचे, शिक्क्यांचे दिवस आठवत असतील. दोन : वर्गात दोन गट पाडा. एका गटानं आयोगाची बाजू मांडायची : थोड्या महिन्यांसाठी एवढा खर्च आणि खटाटोप कशाला? दुसऱ्यानं पुणेकरांची : कायद्यात सहा महिने म्हटलंय, तर सहा महिनेच! आणि हो, बाईंना न्यायाधीश करायला विसरू नका.

निकाल काय लागला ते पत्रानं कळवाल ना? वाट बघतो. भेटू पुढच्या अंकात!