फाईल पाठवली की झालं?

हापिसात जेवताना परवा पुन्हा तेच ऐकलं. "थ्रीडी प्रिंटर आलाय, आता फाउंड्रीतल्या पॅटर्नमेकरचं काम संपलं. फाईल पाठवायची, पॅटर्न छापायचा, धातू ओतायचा, झालं." बोलणारे सगळे इंजिनिअर! पहिल्या वर्षी वर्कशॉपचं जर्नल आपण कुणाचं तरी बघून उतरवलं होतं, ते असं बाहेर येतं. (मीही त्यातलाच, सोवळेपणाचा आव नाही.)

माझी अक्कल तुळजापुरात ठिकाणावर आली. काकांच्या विहिरीवरच्या पंपाचा बिडाचा इंपेलर फुटला. पंप इतका जुना की सुटे भाग मिळेनात. मी मोठ्या ऐटीत तुकडे मोजले, मॉडेल केलं, पुण्यात छापून घेतलं आणि सोलापूरच्या एका छोट्या फाउंड्रीत नेऊन ठेवलं. तिथल्या पॅटर्नच्या मिस्त्रींनी ते हातात फिरवून पाहिलं. म्हणाले, "साहेब, ही वस्तू झाली. पॅटर्न कुठंय?"

दोन तबकड्या आणि मधे वळणदार पाती, असा तो बंद इंपेलर. वाळूत दाबला तर साचा न मोडता बाहेर काढणार कसा? आतल्या पोकळीसाठी वाळूचा वेगळा कोअर लागतो, त्याची वेगळी कोअरबॉक्स, आणि कोअर टेकायला साच्यात जागा. बीड गार होताना साधारण 1 टक्का आकसतं, म्हणजे 200 मिमीला 2 मिमी गेले. मशिनिंगसाठी वाढीव माल हवा. उभ्या बाजूंना एक-दोन अंश उतार हवा, नाहीतर पॅटर्न उचलताना वाळू ढासळते. यातलं मी काहीच केलं नव्हतं, आणि सॉफ्टवेअरनं एक एरर दिली नाही.

मूर्ती ओतणारे ओतारी मेण वितळवून काढतात, तसा छापलेला पीएलएही जाळून काढता येतो, तिथे उतार लागत नाही. पण तेव्हा दर नगाला नवा छाप. शिरोली-गोकुळ शिरगावात गाड्यांचे भाग हजारोंनी ओततात, तिथे तर पॅटर्न धातूचेच.

प्रिंटर निरुपयोगी आहे असं मी म्हणत नाहीये. मिस्त्रींनी एका संध्याकाळी कागदावर सगळं काढून दिलं, मी तसं मॉडेल केलं. लाकडातलं कोरीवकाम वाचलं. छापाच्या रेघांत वाळू अडकू नये म्हणून त्यांनीच लांबी भरून पॉलिश पेपर मारला. पंप चालला.

प्रिंटवाल्यानं तासाचे पैसे लावले. मिस्त्रींनी त्या संध्याकाळचे मागितलेच नाहीत. आपण त्याला 'अनुभव' म्हणतो, म्हणजे फुकट! हेच स्लाईडवर आलं असतं तर कन्सल्टिंग झालं असतं. आणि तुमचं काम संपलं, असं आपणच एसीत बसून सांगत राहिलो तर हे शिकायला येणार कोण? प्रिंटर द्यायचाच तर आधी आयटीआयच्या फाउंड्रीमनच्या वर्गात द्या, आणि शिकवायला असे मिस्त्री बोलवा. मानधन देऊन.

निघताना मिस्त्रींनी प्रिंटरची किंमत विचारली. मी सांगितली.

"बॅंडसॉपेक्षा स्वस्त की," म्हणाले. "मग माझ्याकडं का नाही?"