पपईला नऊ हजार, तबलजीला नारळ

गोव्यात कुठल्याही गाण्याच्या कार्यक्रमाला जा. माईक हातात घेतलेला माणूस मोगूबाई, केसरबाई, मास्टर दीनानाथ, अभिषेकीबुवा, लयभास्कर खाप्रुमाम ही नावं घेतल्याशिवाय खाली बसत नाही. 'आमच्या मातीतच सूर आहे' हे वाक्यही ठरलेलं. टाळ्या पडतात. आणि त्याच माणसाने आठ दिवसांपूर्वी फोनवर पेटीवाल्याचे पाचशे रुपये कापलेले असतात!

हे मी एवढ्या खात्रीने सांगतो, कारण तो माणूस मीच होतो.

फोंड्याकडच्या आमच्या देवळाच्या उत्सव समितीवर मी काही वर्षं होतो. थोडंफार लिहितो, चार गाणाऱ्यांच्या ओळखी आहेत, म्हणून कार्यक्रम ठरवायचं काम माझ्या गळ्यात. एका वर्षी जत्रेला अभंग आणि नाट्यगीतांची मैफल ठरली. गायक, पेटी, तबला, पखवाज आणि टाळ, असे पाच जण. गायकाने २५,००० सांगितले. मी म्हटलं, "बाब, देवाचें काम न्हय? मात्शें उणें कर." तीन फोन झाले आणि मी आकडा १५,००० वर आणला. बैठकीत ही गोष्ट मी पराक्रमासारखी सांगितली. सगळ्यांनी पाठ थोपटली.

आता हिशेब करा. गाडीभाडं ३,०००. उरले १२,०००. सारखे वाटले तर माणशी २,४००. त्यात दोन संध्याकाळच्या तालमी आणि जत्रेच्या दिवशी दुपारपासून रात्रीपर्यंतचा वेळ. पण सारखे वाटतो कोण? कमी झालेले दहा हजार गायकाच्या वाट्यातून फारसे जात नाहीत, ते साथीदारांच्या वाट्यातून जातात. घासाघीस वरच्या माणसाशी होते आणि वसुली खालच्याकडून.

त्याच वर्षी रोषणाईचं बिल साठ हजार झालं. त्यावर कोणी चकार शब्द काढला नाही. पावणीत, म्हणजे देवापुढच्या फळांच्या लिलावात, एक पपई नऊ हजारांना गेली. त्याबद्दल माझी तक्रार नाही. श्रद्धेने दिलेला पैसा आहे, देवळाच्याच कामी येतो. पण पपईला नऊ हजार मोजणाऱ्या गावाकडे तबलजीला द्यायला पैसे नव्हते, असं कोणी म्हणू नये.

मैफल उत्तम झाली. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांमुळे रात्री दहाला लाउडस्पीकर बंद करावा लागतो, म्हणून भैरवी घाईत आटोपली. शाल, नारळ, आभार झाले. साडेअकराला मी घरी निघालो तर दीपस्तंभाच्या कट्ट्यावर तबलजी बसलेला, शेजारी तबल्याची पिशवी. पंचविशीतला मुलगा. गाडीत जागा नव्हती म्हणून स्कूटरवरून पेडण्याहून आलेला. विचारलं, अजून इथे कसा? म्हणाला, "पाकिटाची वाट बघतोय, सर." खजिनदार केव्हाच घरी गेले होते. फोन केला तर म्हणाले, "फाल्यां दितां मरे, पळून वता काय?" त्या मुलाला सकाळी कारखान्यात पहिली पाळी होती. मी खिशातले होते तेवढे पैसे त्याच्या हातावर ठेवले. त्याने ते मोजले नाहीत. 'देव बरें करूं' म्हणाला आणि स्कूटर सुरू केली. मला वाटलं, हे मी म्हणायला हवं होतं.

पुढच्या वर्षी मी त्याला मुद्दाम फोन केला. त्या तारखेला जमणार नाही म्हणाला. दुसरी तारीख सांगितली, तीही नाही. त्याने तबला सोडला नव्हता, आमची जत्रा सोडली होती.

यावर आपल्याकडे तीन उत्तरं तयार असतात. पहिलं, 'ही देवाची सेवा आहे.' मान्य. पण सेवा करणाऱ्याने म्हणायची, करवून घेणाऱ्याने नव्हे! आणि पूर्वीसुद्धा देवळातली सेवा फुकट नव्हती. वाजंत्र्यांना, कलावंतांना देवस्थानाकडून जमीन नाहीतर धान्य ठरलेलं असे. त्या व्यवस्थेत अन्याय पुष्कळ होता, विशेषतः कलावंत स्त्रियांवर, आणि ती गेली ते बरंच झालं. पण आपण त्यातलं धान्य तेवढं काढून टाकलं आणि 'सेवा' हा शब्द ठेवून घेतला.

दुसरं, 'तुझं नाव होईल.' नाव झाल्यावर काय होतं? पुढची समिती त्याच भावात बोलावते. नावावर पेट्रोल मिळत नाही.

तिसरं उत्तर खरं असू शकतं, 'आमच्याकडे पैसे कमी आहेत.' असतील. मग पाचाऐवजी तीन माणसं बोलवा. गायक, पेटी, तबला यांवर सुरेख मैफल होते. कार्यक्रम लहान करा, माणूस लहान करू नका. लग्नाच्या जेवणाचं बजेट कमी असलं तर आपण पानं कमी करतो, आचाऱ्याला अर्ध्या पैशांत तेवढीच पानं वाढायला सांगत नाही. बँडवाल्याला मात्र नेमकं तेच सांगतो.

घासाघिशीने पैसे वाचतात हाही भ्रमच. कापणार हे ठाऊक असल्यामुळे समोरचा आकडा फुगवूनच सांगतो. जो सरळ मनाने खरा आकडा सांगतो तो मरतो. फारच कापलं की ठरलेला तबलजी ऐनवेळी 'आजारी' पडतो आणि त्याच्या जागी कालपरवा शिकायला लागलेलं पोर येतं. मग आपणच म्हणतो, पूर्वीसारखं गाणं राहिलं नाही!

कलाकारही धुतल्या तांदळासारखे नाहीत. साथीदारांच्या नावावर पैसे घेऊन त्यांना निम्मे देणारे गायक मी पाहिले आहेत. दुसऱ्याची तारीख मोडावी म्हणून निम्म्या भावात जाणारेही आहेत. आकाशवाणीने परीक्षा घेऊन बी, बी-हाय, ए, टॉप अशा श्रेणी केल्या आणि श्रेणीप्रमाणे मानधन ठरवलं. मुंबईच्या सिनेमातल्या वादकांनी, ज्यांत आपले गोंयकार कितीतरी होते, संघटना करून श्रेणीप्रमाणे दर ठरवून घेतले. जत्रेत वाजवणाऱ्याला मात्र अजून ज्याच्या त्याच्या तोंडाकडे बघावं लागतं.

मग करायचं काय? फार काही नाही. 'कितें घेता?' असं विचारण्याआधी आपला आकडा आपण सांगावा. किती माणसं, किती लांबून, किती तास, हे विचारून मग त्यात काय बसतं ते त्यांना ठरवू द्यावं. प्रत्येक साथीदाराचं पाकीट वेगळं, त्याच्या नावाचं. निम्मे पैसे तारीख धरताना, उरलेले भैरवीच्या आधी. पावसाने कार्यक्रम मोडला तर आगाऊ दिलेले परत मागायचे नाहीत. आणि हे सगळं एका कागदावर, दोघांच्या सह्यांनी.

मी हे समितीपुढे मांडलं तेव्हा अध्यक्ष म्हणाले, "मागीर पळोवया." गोव्यात याचा अर्थ काय होतो ते तुम्हाला माहीतच आहे. मी समिती सोडली. पण पावणीला अजून जातो. यंदा पपईवर बोली लावणार आहे. घेतली तर पैसे मोजताना एकच विचारीन, आज वाजवणाऱ्यांची पाकिटं दिली का?