पडणारच आहे की तो दात!

लहान मुलाच्या काळ्या पडलेल्या दाताबद्दल काही बोलायला जावं, तर घरोघरी उत्तर ठरलेलं. "अगं, दुधाचाच आहे, पडणारच आहे की!" मला हे वाक्य फार खटकतं.

अर्धा घोटाळा आपल्या भाषेनेच करून ठेवलाय. आपण म्हणतो, "दाताला कीड लागली." म्हणजे कुठून तरी एक अळी आली आणि दात पोखरून गेली, आपला काही दोषच नाही! रिंगणीच्या बियांची धुरी घेऊन ती अळी पाडायचे उपायही आपल्याकडे होतेच. पण मंडळी, अशी अळी नसतेच. पियेर फोशार या फ्रेंच दंतवैद्याने १७२८ सालीच ती समजूत नाकारली होती.

खरा प्रकार साधा आहे. तोंडातले जिवाणू आपण खाल्लेल्या साखरेचं आम्ल करतात. ते आम्ल एनॅमलमधलं कॅल्शियम विरघळवतं. मग लाळ हळूहळू ते निवळवते आणि गेलेलं थोडंफार परत भरते. या डागडुजीला अर्धा-पाऊण तास तरी लागतोच. आता दर तासाला बिस्कीट, चॉकलेट, गोड चहाचा घोट चालू असेल, तर बिचाऱ्या लाळेने करायचं काय? म्हणून 'किती गोड' इतकंच, किंबहुना त्याहून जास्त, महत्त्व 'किती वेळा' याला आहे. जेवणात पुरणपोळी खाल्ली म्हणून तेवढं बिघडत नाही, दिवसभरच्या येता-जाता चरण्याने बिघडतं.

सुरुवातीला दातावर फक्त एक पांढुरका डाग दिसतो. दुखत नाही, खुपत नाही. इथून दात परत सुधारू शकतो! पण एकदा खड्डा पडला की संपलं, कारण एनॅमलमध्ये जिवंत पेशीच नसतात, ते पुन्हा उगवत नाही. मग आतलं मऊ डेंटीन, मग नस, आणि मग तो रात्रीचा ठणका. म्हणजे दुखायला लागतं तेव्हा गोष्ट शेवटच्या प्रकरणात आलेली असते.

आणि 'पडणारच आहे' म्हणाल, तर दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात असतात. त्यांचं एनॅमल पातळ, त्यामुळे कीड झपाट्याने आत जाते. त्या खालच्या पक्क्या दातांची जागा राखून ठेवतात, वेळेआधी काढाव्या लागल्या की पुढचे दात वेडेवाकडे येऊ शकतात. शिवाय सहाव्या वर्षाच्या सुमारास अगदी मागे एक दाढ येते, कुठलाही दात न पडता, गुपचूप. आईवडील तिलाही दुधाचीच समजतात. ती मात्र जन्माची सोबतीण असते!

उपाय काही महागडे नाहीत. फ्लोराईडच्या पेस्टने दोनदा दात घासणं (तीन वर्षांखालच्या बाळाला तांदळाच्या दाण्याएवढीच पेस्ट), गोड खायचं ते जेवणाबरोबर, आणि दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपवणं बंद. झोपेत लाळ कमी सुटते, दूध तसंच दातांवर राहतं.

एवढं करून कोणी म्हणालंच "पडणारच आहे", तर मी म्हणते, पडू दे की. पण त्याच्या वेळेला, आणि धडधाकट! लेकराने ठणक्याने रात्र जागून काढायची, आणि आपण "दुधाचाच आहे" म्हणायचं, हे काही बरं नव्हे.