विश्लेषण : डाएट मोडते, ते संयम कमी पडतो म्हणून?

सकाळचा नाश्ता टाळायचा, दुपारी डब्यातली एकच पोळी खायची आणि रात्री वसतिगृहाच्या खोलीत फरसाणाची पिशवी रिकामी करायची. मग अपराधी वाटून दुसऱ्या दिवशी पुन्हा उपाशी राहायचे. महाविद्यालयीन मुलामुलींमध्ये हे चक्र सर्रास दिसते. त्यावर ‘जिभेवर ताबा ठेव’ हा सल्ला ठरलेला. पण दोष खरेच संयमाचा आहे का?

मिल्कशेकचा प्रयोग काय होता?

मानसशास्त्रज्ञ पीटर हर्मन यांनी सहकाऱ्यासह १९७५ मध्ये अमेरिकेतील महाविद्यालयीन विद्यार्थिनींवर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. काही जणींना आधी मिल्कशेक दिला, काहींना दिला नाही. नंतर आइस्क्रीमची चव पाहायला सांगितले आणि हवे तेवढे खाण्याची मुभा दिली. एरवी खाण्यावर बंधने न घालणाऱ्या मुलींनी मिल्कशेकनंतर आइस्क्रीम कमी खाल्ले. सतत मोजूनमापून खाणाऱ्या मुलींनी मात्र उलट जास्त खाल्ले. नियम मोडलाच आहे, तर आज होऊन जाऊ दे, असे मन सांगू लागते. म्हणजे नियम जितका कडक, तितका तो मोडल्यावरचा घसराही मोठा.

उपासमारीत मनाचे काय होते?

मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ मध्ये ॲन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना सुमारे सहा महिने रोज साधारण १६०० उष्मांकांवर ठेवले. सोबत आठवड्याला सुमारे ३५ किलोमीटर चालणे होते. त्यांचे वजन जवळपास एक चतुर्थांशाने घटले. ते चिडचिडे आणि उदास झाले, दिवसरात्र अन्नाचाच विचार करू लागले. काही जण पाककृतींची पुस्तके वाचत बसत. प्रयोग संपल्यावरही अनेकांना खाणे आवरेना. हे तरुण कमकुवत मनाचे नव्हते. उपाशी शरीर असेच वागते. आज मोबाइलवर फिरणाऱ्या आहार-योजनांत १२०० उष्मांकांचा आकडा सहज आढळतो.

शरीराविषयीची नाराजी येते कुठून?

फिजीमधील एका भागात १९९५ मध्ये दूरचित्रवाणी पोहोचली. भरलेले शरीर तिथे सुदृढतेचे लक्षण मानले जाई. संशोधक ॲन बेकर यांच्या पाहणीत खाण्याच्या विकृतीकडे झुकणाऱ्या शाळकरी मुलींचे प्रमाण तीन वर्षांत सुमारे १३ टक्क्यांवरून २९ टक्क्यांवर गेले. तेव्हा पडदा घरातल्या एका कोपऱ्यात होता. आता तो प्रत्येकाच्या खिशात आहे.

मग वजनाची काळजी करूच नये?

असे नाही. भारतीयांना तुलनेने कमी वजनावरही मधुमेहाचा धोका असतो, म्हणून आपल्याकडे शरीर-वस्तुमान निर्देशांक २३ च्या पुढे गेला की जास्त वजन मानले जाते. पण दुसरी बाजूही आहे. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील १५ ते १९ वयोगटातील सुमारे ५९ टक्के मुलींना रक्तक्षय आहे. त्यांनी जेवण टाळणे म्हणजे आजारात भर घालणे. मुलांची धाव प्रोटीन पावडरकडे असते; ती टाळावी, असे राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात.

उपाय काय?

ठरलेल्या वेळी पोटभर, साधे जेवण हा संयमाचा सर्वांत भक्कम आधार. ते शक्य व्हावे यासाठी खानावळीच्या वेळा तासिका-प्रात्यक्षिकांशी जुळायला हव्यात. सकाळी साडेसातला तासिका आणि नाश्ता आठला, असे असेल तर दोष विद्यार्थ्याचा नाही. घरच्यांनीही सुट्टीत आलेल्या मुलीचे स्वागत ‘किती सुटलीस गं’ असे करू नये. लपूनछपून खाणे, मुद्दाम उलट्या काढणे, पाळी थांबणे, दिवसातून अनेकदा वजन करणे ही लक्षणे दिसली तर उपदेश नको, डॉक्टर हवा. ‘टेली मानस’ची १४४१६ ही सरकारी मदतवाहिनी दिवसरात्र मोफत आहे.

संयम शिकवण्याआधी ताटात पुरेसे वाढले आहे का, हे पाहणे मोठ्यांचे काम आहे.