व्यसनमुक्ती केंद्र की कोंडवाडा?

गेल्या वर्षी बकरीद झाल्यावर चार दिवसांनी मी एका छापील अर्जावर सही केली. अर्ज एका खासगी व्यसनमुक्ती केंद्राचा होता आणि रुग्ण होता माझ्या खालाचा मुलगा, माझ्याहून सात वर्षांनी लहान. अर्ज तीन पानांचा होता. मी पैशांचा रकाना वाचला, बाकीचं वाचलं नाही. सॉफ्टवेअरच्या एका करारात चुकीचा स्वल्पविराम असला तरी तो शोधणारा मी, माझ्या भावाचं तीन महिन्यांचं आयुष्य दुसऱ्याच्या हवाली करताना दोन मिनिटंही थांबलो नाही.

तो अल्प्राझोलामच्या गोळ्या खायचा. मालेगावात जिला ‘कुत्ता गोली’ म्हणतात, तीच ही गोळी. त्याला न्यायला रात्री दीड वाजता केंद्राची गाडी आली. गाडीतून चार माणसं उतरली. दोघांनी हात धरले, दोघांनी पाय. खाला दारात उभी राहून रडत होती आणि मी तिला समजावत होतो, “खाला, त्याच्या भल्यासाठीच आहे.”

पहिला महिना भेट नाही, फोन नाही, असा तिथला नियम होता. तिसऱ्याच दिवशी त्याला झटके आले. रोजची अशी गोळी एकदम बंद केली की झटके येऊ शकतात, जीवही जाऊ शकतो. म्हणून ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू कमी करावी लागते. पण तिथे रात्री डॉक्टर नव्हताच. होते ते जुने रुग्ण, ‘सिनिअर’ म्हणवणारे. त्यांनी ठरवलं की हा नाटक करतोय. त्याला खिडकीच्या गजाला बांधून ठेवलं. हे आम्हाला कळलं ते तिथून सुटून आलेल्या दुसऱ्या एका मुलाने खालाला फोन केला तेव्हा. तेविसाव्या दिवशी मी त्याला घरी आणलं. त्याच्या दोन्ही मनगटांवर काळे वळ होते.

हा एकट्या माझ्या भावाचा अनुभव असता, तर मी संपादकीय लिहायला बसलो नसतो. गुजरातमध्ये पाटण इथल्या एका केंद्रात फेब्रुवारी 2023मध्ये एका तरुणाचा मृत्यू झाला. तो आजारपणाने गेला असं घरच्यांना सांगण्यात आलं, अंत्यविधीही उरकला. पुढे सीसीटीव्हीचं चित्रण पोलिसांच्या हाती लागलं आणि हातपाय बांधून मारहाण केल्याच्या आरोपाखाली केंद्राच्या व्यवस्थापकासह अनेकांना अटक झाली. मारहाण, उपाशी ठेवणं, घरच्यांना भेटू न देणं, मुदत संपली तरी न सोडणं, अशा तक्रारी वेगवेगळ्या राज्यांतून सतत येत असतात. कॅमेरा नसता तर पाटणची गोष्ट ‘आजारपण’ म्हणूनच संपली असती.

आपल्याकडे कायदा नाही असं कुणी म्हणेल, तर ते खरं नाही. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम 2017 हा कायदा 29 मे 2018पासून लागू आहे. दारू आणि अमली पदार्थांच्या सेवनाशी निगडित मानसिक अवस्थांचा त्याने मानसिक आजारात समावेश केला आहे. म्हणजे अशा रुग्णांना ठेवून घेणाऱ्या केंद्राला नोंदणी करावीच लागते. “आम्ही हॉस्पिटल नाही, फक्त रिहॅब आहोत” ही सबब चालत नाही, कारण पुनर्वसनासाठी रुग्ण ठेवणाऱ्या संस्थाही या कायद्यात येतात. कलम 95ने रुग्णाला साखळीने बांधण्यावर पूर्ण बंदी घातली आहे. कलम 97नुसार कोणाला एकट्याला कोंडून ठेवता येत नाही. बांधायचंच असेल तर तात्काळ इजा टाळण्याचा दुसरा कोणताही मार्ग नसताना, मानसोपचारतज्ज्ञाच्या परवानगीने आणि गरज असेल तेवढाच वेळ. शिक्षा म्हणून कधीच नाही.

रुग्णाच्या इच्छेविरुद्ध त्याला दाखल करायचं असेल, तर कलम 89नुसार मानसोपचारतज्ज्ञ आणि आणखी एक डॉक्टर किंवा मानसिक आरोग्य व्यावसायिक, अशा दोघांनी त्याला स्वतंत्रपणे तपासावं लागतं. ही मुदत जास्तीत जास्त 30 दिवसांची, आणि पुनरावलोकन मंडळाला कळवणं बंधनकारक. आता रात्री दीड वाजताची ती गाडी आठवा. माझ्या भावाला कोणी तपासलं होतं? कोणीच नाही. माझी सही हीच त्याची तपासणी होती.

साखळीवरच्या बंदीमागे एक इतिहास आहे आणि तो आपण तरी विसरता कामा नये. 6 ऑगस्ट 2001 रोजी तामिळनाडूतल्या एरवाडी इथे, दर्ग्याच्या परिसरात चालणाऱ्या एका खासगी मनोरुग्ण आश्रयगृहाला आग लागली. बांधून ठेवलेल्या रुग्णांना पळता आलं नाही. 28 जण गेले. त्यांना तिथे सोडणारे घरचे लोक दुष्ट नव्हते. शिफा मिळेल या आशेने आले होते. बरीचशी क्रूरता अशीच चालते. चालवणारा एक असतो आणि विश्वास ठेवून पाठ फिरवणारे आपण अनेक असतो.

आपण पाठ का फिरवतो? दोन कारणं मला दिसतात. पहिलं म्हणजे पर्याय कमी आहेत. केंद्र सरकारने एम्सच्या मदतीने केलेल्या 2019च्या सर्वेक्षणात, दारूवर अवलंबून असलेल्या दर 38 जणांपैकी फक्त एकाला काही तरी उपचार मिळाल्याचं दिसलं. ही पोकळी कोणी तरी भरणारच, आणि ती भरायला खोल्या भाड्याने घेऊन बोर्ड लावणारेही येतात. दुसरं कारण आपल्या घरातलं आहे. नशा हराम आहे, हे आपल्याकडे लहान मुलालाही माहीत असतं. त्यामुळे घरातला मुलगा नशा करतो म्हणजे तो आजारी नाही, गुन्हेगार आहे, आणि घराण्याची इज्जत गेली, असा हिशेब होतो. मग आपल्याला डॉक्टर नको असतो, त्याला नजरेआड करणारा माणूस हवा असतो. “थोडा मार बसला तरी चालेल, पण सुधरवा” हे वाक्य मी आमच्याच घरात ऐकलं आहे. केंद्रवाल्यांना आणखी कोणता परवाना हवा?

सगळी केंद्रं अशी नसतात, हेही सांगायला हवं. पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी 1986मध्ये सुरू केलेल्या मुक्तांगणने रुग्णाला माणूस म्हणून वागवून व्यसनमुक्ती करता येते, हे दाखवून दिलं. व्यसनातून बाहेर आलेला माणूस उत्तम समुपदेशक होऊ शकतो. प्रश्न त्याच्या हातात काठी आणि किल्ली देऊन वर कोणी डॉक्टर न ठेवण्याचा आहे.

म्हणून मित्र-मैत्रिणींनो, सही करण्याआधी एवढं विचारा. नोंदणी क्रमांक काय? मानसोपचारतज्ज्ञ कोण, आणि ते कोणत्या दिवशी येतात? रात्री झटका आला तर कोणत्या हॉस्पिटलला नेणार? मला आतल्या खोल्या बघता येतील का? पहिल्या आठवड्यात भेटता येईल का? शेवटच्या दोन प्रश्नांना ‘नाही’ उत्तर आलं, तर उठून या. जिल्हा रुग्णालयात किंवा सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात मानसोपचार विभागाच्या ओपीडीत जा. 14446 या राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइनवर फोन करा. आत कोणी अडकलं असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. या कायद्याने रुग्णाला मोफत कायदेशीर मदतीचा हक्क दिला आहे.

आपल्या मोहल्ला कमिट्या आणि जमातींनाही एक विनंती. नशेविरुद्ध बयान होतात, रॅल्या निघतात, ते चांगलंच आहे. पण आपल्या भागातली मुलं कोणत्या केंद्रात आहेत, हे बघायला महिन्यातून एकदा दोन माणसं जाऊ शकत नाहीत का? ज्याला भेटायला कोणी येतं, त्याच्यावर हात उगारायला समोरचा बिचकतो.

माझा भाऊ आज सरकारी हॉस्पिटलच्या ओपीडीत उपचार घेतो. मध्ये दोनदा घसरला, पुन्हा उभा राहिला. केंद्राविरुद्ध तक्रार करायची म्हटलं तेव्हा खालाने माझा हात धरला. “बहिणीचं लग्न ठरायचंय, गावभर होईल.” आम्ही दहा महिने गप्प बसलो. त्या दहा महिन्यांत तिथे आणखी किती मुलं गेली असतील, हा विचार मला झोपू देत नव्हता. शेवटी तोच म्हणाला, “भाईजान, ते अजून तिथे आहेत ना?” गेल्या आठवड्यात आम्ही तक्रार दिली. अर्ज त्याने पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला, दोन चुका दुरुस्त करायला लावल्या आणि मग स्वतः सही केली.