कपाटाचं कुलूप काढा!



गेल्या हंगामात आमच्यातल्या काही जणांनी खरेदी केंद्रावर कापसाची गाडी नेली. ग्रेडरने हातातल्या मीटरची टोकं गाडीत खुपसली आणि आकडा सांगितला : १४. गाडी परत! दुसऱ्या बाजूने खुपसून पाहा म्हटलं, तर उत्तर मिळालं, "मशीन खोटं बोलत नाही." दाताखाली सरकी कटकन फुटली की कापूस वाळला, हे कळणारे आम्ही. पण त्या आकड्यापुढे आमची बोलती बंद झाली.

हमीभावाच्या खरेदीत ओलाव्याचं माप ८ टक्के धरतात. त्याच्या वर गेला की टक्क्याटक्क्याने भाव कापतात. १२ च्या पुढे गेला की कापूस घेतच नाहीत. म्हणजे ८ आणि १२ यांच्यामधल्या चार टक्क्यांत आमच्या घरची दिवाळी, पोरीचं लग्न आणि कृषी केंद्राची उधारी. आणि तो आकडा सांगणाऱ्या डबीत काय आहे, हे आमच्यातल्या एकालाही ठाऊक नव्हतं.

ते आम्हाला सांगितलं सातवीत शिकणाऱ्या एका मुलीने.

तिच्या शाळेत एका गुरुजींनी विजेचे छोटे बोर्ड आणले आहेत. पत्त्याच्या पानापेक्षा लहान पाटी, तिच्यावर एक चिप आणि तारा खोचायला भोकं. अर्डुइनो म्हणतात त्याला. संगणकाच्या पडद्यावर रंगीत ठोकळे असतात. 'असं झालं तर', 'पुन्हा पुन्हा कर', 'थांब'. मूल ते एकाखाली एक जोडतं. इंग्रजीची भेंडोळी लिहावी लागत नाहीत. ठोकळा चुकीच्या जागी बसतच नाही, त्यामुळे एक स्वल्पविराम चुकला म्हणून सगळं बंद पडण्याची भीती नाही. ठोकळे जुळले की पाटीवरचा दिवा लागतो, मोटर फिरते.

या मुलीने डब्यात काळी माती भरली, तिच्यात दोन खिळे रोवले आणि तारा पाटीला जोडल्या. मातीतून किती वीज जाते, त्याचा आकडा ० ते १०२३ यांच्यामध्ये पडद्यावर येतो. माती कोरडी तर एक आकडा, पाणी शिंपडलं तर दुसरा. मग तिने पाणी न घालता माती नुसती मुठीने दाबली. आकडा पुन्हा बदलला! माती तीच, पाणी तेवढंच, आकडा वेगळा.

भावांनो, ग्रेडरच्या हातातलं मीटर याच जातीचं. दोन टोकं, मधे कापूस, त्यातून जाणारी वीज. कापूस जितका ओला तितकी वीज जास्त जाते. पण कापूस किती दाबला, किती तापला, टोकं वरच्या थरात गेली की खालच्या, यावरही आकडा हलतो. म्हणून चार ठिकाणी मोजायचं आणि सरासरी काढायची. मीटर खोटं बोलत नाही हे खरं, पण एकदाच विचारलं तर ते पुरतं खरंही बोलत नाही. एवढं जरी त्या दिवशी आम्हाला माहीत असतं, तरी आम्ही गाडी मुकाट्याने वळवली नसती.

आता कोणी म्हणेल, मग त्या पाटीनेच घरी कापूस मोजू. तसं होणार नाही, आणि आम्ही कोणाला फसवणार नाही. कोरड्या कापसातून वीज इतकी थोडी जाते की दोन खिळे आणि खेळण्यातली पाटी तिथे पुरी पडत नाही. या पाटीने उतारा वाढणार नाही, पाऊसही पडणार नाही. तिने एकच गोष्ट होते : आकड्याची भीती जाते. आणि आम्ही विचारतो, ही गोष्ट लहान आहे काय?

आता दुसरी बाजू ऐका. त्याच तालुक्यातल्या दुसऱ्या एका शाळेतही अशीच पेटी आली आहे. ती कपाटात आहे आणि कपाटाला कुलूप आहे. का? तर मुलं सामान मोडतील. पाहुणे आले की पेटी बाहेर निघते, फोटो होतो, पेटी आत जाते. तिफण फुटेल म्हणून घरातच ठेवणाऱ्या कास्तकाराला आपण काय म्हणतो? तेच आम्ही या शाळेला म्हणतो.

केंद्र सरकारने २०१६ मध्ये अटल टिंकरिंग लॅबची योजना काढली. सहावी ते बारावीच्या शाळेला २० लाख रुपयांपर्यंत अनुदान. पण मैदानी मुलखातल्या शाळेकडे १,५०० चौरस फूट जागा मागितली. जिथे दोन खोल्यांत चार वर्ग बसतात, तिथे १,५०० चौरस फूट कुठून आणायची? २०२५ च्या अर्थसंकल्पात पाच वर्षांत सरकारी शाळांत आणखी ५०,००० प्रयोगशाळा काढू असं जाहीर झालं. फार छान. आमचा सवाल एवढाच, की त्यातल्या किती जिरायती गावात येणार आणि किती डांबरी सडकेच्या कडेला थांबणार?

लाखांची गोष्ट सोडा. या पाट्यांचा आराखडा २००५ साली इटलीतल्या इव्रेआ गावी काही शिक्षक-विद्यार्थ्यांनी तयार केला आणि जगाला खुला केला. कोणीही ती बनवावी, विकावी. फक्त नाव त्यांचं वापरू नये. म्हणून तशीच पाटी आज काही शे रुपयांत मिळते. ठोकळ्यांची भाषा, स्क्रॅच तिचं नाव, अमेरिकेतल्या एमआयटीच्या मिचेल रेझनिक यांच्या गटाने २००७ मध्ये फुकट दिली. ती भाषा आणि ही पाटी जोडणारा एस-फोर-ए हा कार्यक्रम बार्सिलोनाजवळच्या सिटीलॅबने २०१० मध्ये काढला, तोही फुकट. आपल्या तिफणीसारखंच हे. तिफण कोणा एकाच्या मालकीची नव्हती. गावचा सुतार ती घडवी, चाडं फुटलं तर तोच नीट करी. बंद डबी आली आणि दुरुस्तीसाठी शहराकडे तोंड करावं लागलं.

आक्षेप घेणारे दोन प्रकारचे आहेत. पहिले म्हणतात, "खेळणं आहे, पोरं वाया जातील." अहो, खेळणं आहे म्हणूनच पोरं त्याला हात लावतात! सीमोर पॅपर्ट या गणितज्ञाने १९६७ मध्ये सहकाऱ्यांबरोबर मुलांसाठी लोगो ही भाषा केली. यंत्राने मुलाला वळण लावण्याऐवजी मुलाने यंत्राला शिकवावं, हा त्यांचा आग्रह. आमच्या पोरांच्या हातात मोबाइल आधीच आहे, तिथे यंत्र त्यांना शिकवतं. ते उलटं करायला एक पाटी पुरते.

दुसरे म्हणतात, "हे शिकून पोरगं शेतीतून उठेल." भावांनो, पोरगं तसंही उठतं आहे, आणि रिकाम्या हाताने उठतं आहे. आणि जे राहतं, त्याच्या बांधावर उद्या मोबाइलवर चालणारं पंपाचं स्टार्टर, ठिबकचं यंत्र, हवामानाची पेटी विकायला माणूस येणारच आहे. त्याला चार प्रश्न विचारणारं कोणीतरी घरात नको?

मात्र एक इशारा. २०२० पासून शिकवणीवाले जाहिरातींतून सांगत आहेत की लहानग्याला कोडिंग आलं नाही तर तो मागे पडेल. ही भीतीची दुकानदारी आहे. फुकट मिळणाऱ्या वस्तूसाठी कर्ज काढू नका.

शिक्षकांनाही एक गोष्ट सांगतो. काही कार्यक्रमांत पाटी तारेने संगणकाला बांधलेली असते. तार काढली की काम थांबतं. संगणकाच्या दावणीला बांधलेली पाटी वर्गात शिकायला ठीक आहे. शेतात न्यायची तर हुकूम पाटीतच उतरवून ठेवणारा कार्यक्रम निवडा.

जिल्हा बैठकीपुढे आमच्या मागण्या अशा :

एक. प्रत्येक शाळा समितीने कपाट उघडून पेटीची यादी गावापुढे वाचावी.

दोन. मोडतोडीचा दंड गुरुजींच्या माथी मारू नये. मोडलेल्या पाटीचे पैसे गावाने वर्गणीतून द्यावेत.

तीन. नव्या प्रयोगशाळांसाठी जागेची अट दोन खोल्यांच्या शाळेला लावू नये.

चार. ठोकळ्यांवरचे शब्द जिथे मराठीत नसतील तिथे ते मराठीत करून घ्यावेत.

पाच. खरेदी केंद्रावर ओलावा चार ठिकाणी, शेतकऱ्याच्या डोळ्यांसमोर मोजावा आणि चारही आकडे पावतीवर लिहावेत.

पाचवी मागणी आम्ही मोठी माणसं लावून धरू. पण ती टिकवायची तर मीटर ओळखणारी पोरं गावात हवीत. येत्या हंगामात आम्ही त्या सातवीतल्या मुलीला केंद्रावर बरोबर नेणार आहोत. तुमच्या गावातून कोण येणार, ते ठरवून बैठकीला या.